दुमडीतली खूण

४ जानेवारी

भिंगरी,

वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई माझ्यासाठी पेन उघडून बसल्यात. त्या म्हणतात, सुरुवातीला 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहायची रीत आहे. मी म्हटलं, अनेक कशाला, एकच लिहा, पण ठळक. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यामुळे त्यांना माझं बोलणंही तपासायची खोड लागलीय. मी 'मेली' म्हटलं की त्या 'बिचारी' लिहितात. तेव्हा पत्रात कुठे 'बिचारी' दिसली, तर काय ते समजून घे.

तुझं पत्र पोचलं. त्यांच्या हातात देण्याआधी नेहमीसारखं उलटं करून चाचपलं. तू पेन इतकं दाबतेस की कागदाच्या पाठीवर घामोळं उठतं. मला अक्षर येत नाही, पण तुझं अक्षर येतं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर बोट ठेवून मी म्हटलं, "इथे पोरगी चिडलीय." त्यांनी वाचलं, तर कारखानीणबाईंनी तू घासलेली सहा भिंगं परत केल्याचं तिथेच लिहिलेलं. चष्मा त्यांना, दृष्टी मला! शेवटच्या ओळीला दाब कमी होता. तिथे म्हणे 'मी मजेत आहे' असं आहे. म्हणजे नाहीस.

सहा महिन्यांत तुला एक मैत्रीण मिळू नये? इथे तर तू भिंतीशीही बोलायचीस. आई गेल्यावर मी तुला कामावर घेऊन जायची, तेव्हा धुलाईघराच्या घडीटेबलाखाली बसून तू सगळ्या बायकांची नक्कल करायचीस. मुळाक्षरांआधी तू कपड्यांच्या खुणा शिकलीस. दुमडीच्या आत बोट घालायचं, टाके मोजायचे, गिऱ्हाईक कोण ते सांगायचं. आणि खुणेची एक रेघ उसवलेली लागली, की तो नग ढिगातून ताबडतोब बाहेर. का, कशाला, विचारायचं नाही. रंग सोडतोय, डाग धरतोय, काहीही असो, आधी बाहेर. चार वर्षांची असताना तू मालकाचीच विजार बाहेर भिरकावली होतीस. रेघ उसवलेली होती म्हणालीस. होतीच. मीच उसवली होती.

खोकला कसा आहे? माझा तो जुना कोट घालत जा. आता तुझाच आहे.

तुझी आजी

१९ जानेवारी

आजी,

मैत्रीण मिळाली. मैत्रीण म्हणायला वयाने मोठ्या आहेत. सगळे त्यांना माई म्हणतात.

त्या कारखान्यात लोलक घडवून घ्यायला आल्या. लोलक म्हणजे तीन बाजूंची काच, पांढरा उजेड आत गेला की रंग होऊन बाहेर येतो. त्यांना तिन्ही कडा अगदी सारख्या हव्या होत्या, केसाचाही फरक नको. मी विचारलं, "दुर्बिणीसाठी का?" तर हसल्या. "दुर्बिणीने लांबचं दिसतं. मला जवळचं पाहायचंय."

मग दर आठवड्याला यायला लागल्या. काम बघता बघता सांगायच्या. टोक वर असलेला त्रिकोण म्हणजे अग्नी, तो चढतो. टोक खाली असलेला म्हणजे पाणी, ते उतरतं. माणूस वर हात करतो तो पहिला, वरून त्याला काही मिळतं तो दुसरा, आणि दोन्ही एकमेकांत अडकले की भेट होते. तीन कोपरे म्हणजे इच्छा, ज्ञान, क्रिया. किंवा बघणारा, बघायची वस्तू आणि मधलं बघणं. आजी, मी दिवसभर काच घासते, पण मधल्या बघण्याचा विचार कधी केला नव्हता. त्या म्हणाल्या, दोन रेघांत काहीच मावत नाही. तिसरी आली की पहिल्यांदा आत आणि बाहेर तयार होतं. म्हणून सगळ्या जुन्या गूढ विद्या तिथूनच सुरू होतात.

मला ते फार आवडलं. रविवारी त्यांच्या घरी आठ-दहा जण जमतात, तिथे जाते. कोणी मोठ्याने बोलत नाही.

आता विचारायचं ते. तुझ्या कोटाचं अस्तर फाटलं. शिवायला घेतलं तर आत, अस्तराखाली, लाल दोऱ्याचा त्रिकोण निघाला. तिन्ही रेघांचे टाके वेगवेगळे. मी माईंना दाखवला. त्यांचा चेहरा एकदम उतरला. खूप वेळ त्या बोट फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा कोणी शिवला, ते घरी विचार. नक्की विचार."

कोणी शिवला गं?

तुझी भिंगरी

२७ जानेवारी

भिंगरी,

आधी हे सांग, या माईचं वय काय, धंदा काय, आणि रविवारी खायला काय देते? नुसत्या कोपऱ्यांवर माणूस जगत नाही. आणि 'माई' म्हणे! मला न विचारता माझ्या नातीला आई कुणी नेमून दिली?

त्रिकोणाचं विचारतेस तर ऐक. हात जोडून बस. मी तो कोट शिंप्याकडून आणला तेव्हा आत काही नव्हतं. तू जन्मलीस त्या दिवशी मी तो खुंटीवर टांगला, तुझ्या आईला गरम पाणी दिलं, परत येऊन बघते तर अस्तराखाली लाल त्रिकोण! दोरा कुठला, हात कुणाचा, काही पत्ता नाही. डब्यातली सुई तेवढी हातात घेतली, तर गरम. आता यावर तुझ्या माईला म्हणावं, लाव अर्थ.

मास्तरीणबाई लिहिता लिहिता थांबल्यात. म्हणतात, असल्या थापा कागदावर उतरवायला त्यांचा हात धजत नाही. मी म्हटलं, लिहा हो, माझी नात मला ओळखते.

अस्तर नीट शीव. धावदोरा नको, उलटी टीप घाल.

तुझी आजी

११ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र मी रविवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मला वाटलं होतं हसतील. कोणी हसलं नाही. सुई गरम होती, हे वाक्य माईंनी तीनदा वाचायला लावलं. मग त्या उठून माझ्या पाया पडल्या. आजी, त्यांच्यासारखी बाई माझ्या पाया पडली.

तू गंमत केलीस हे मी म्हटलं त्यांना. दोनदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "ज्यांना खरं बोलायची भीती वाटते ते गंमतच करतात." तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही. तू नेहमीच गंमत करतेस गं. आईबद्दल विचारलं तरीही.

मी काम सोडलं. कारखानीणबाई फार बोलल्या, पण सोडलं. खोली पण सोडली. आता माईंच्या घरी राहते. घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, आडवी भिंत घालून तिचा एक कोपरा काढून टाकलाय, तीनच कोपरे ठेवलेत. खिडकी नाही. तीन माणसांची बैठक पूर्ण व्हायला एक जागा रिकामी आहे. त्या म्हणतात, ती माझी. मार्चच्या पंधरा तारखेला आत बसायचं, एकवीस दिवस. अन्न नाही, उजेड नाही, बोलणं नाही. दाराला आतून कडी नाही. मी विचारलं का नाही, तर म्हणाल्या, "आतून कडी असली की मन कडीपाशीच बसतं."

आधी एक मुलगी त्या जागी बसायची. तिच्याविषयी विचारलं की सगळे आपापल्या हातांकडे बघतात. तिच्या चपला दाराशी आहेत. माझ्या काढून घेतल्या आणि त्या मला दिल्या. अगदी बेताच्या आल्या.

आजी, मला थोडी भीती वाटते. पण माई म्हणतात, भीती म्हणजे अग्नीची पहिली ऊब.

तुझी भिंगरी

१६ फेब्रुवारी

भिंगरी,

आज आशीर्वाद नंतर. आधी हे वाच, उभ्या उभ्या वाच.

सुई गरम नव्हती. मी खोटं बोलले. नातीला हसवायला बोलले, आणि माझ्या जिभेला हाड नाही म्हणून आज तू त्या घरात आहेस. मास्तरीणबाईंनी हे वाक्य सौम्य करायचं म्हटलं, मी त्यांचा हात धरला.

खरं असं आहे. तो कोट मी धुलाईघराच्या पहिल्या पगारातून शिवून घेतला. कोट घालणाऱ्या दहाजणी असतात, म्हणून चोरीला जाऊ नये अशी आत एक रेघ घातली. मला नाव लिहिता येत नव्हतं, ती रेघ म्हणजे मी. तुझी आई सोळा वर्षांची झाली तेव्हा कोट तिला दिला आणि दुसरी रेघ घातली, माझ्या रेघेच्या टोकाला जोडून. तू झालीस तेव्हा तिसरी. ती आपोआप बंद झाली, एवढंच. मला कुठे ठाऊक होतं त्याला त्रिकोण म्हणतात, मला ती तिघी जणी वाटायची. टाके वेगळे आहेत कारण तिन्ही वेळी माझे डोळे वेगळे होते.

तुझी आई गेली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, तिचा कोट वापरायचा तर तिची रेघ उसव. मी नाही उसवली. आणि तू विचारलंस की मी गंमत का करायची, ते सांगते. रडले असते तर तुझ्यासाठी भाकरी कोण थापणार होतं?

तिसरी रेघ आली की आत आणि बाहेर होतं, हे तुझी माई खरं बोलली. पण आत म्हणजे घर की पिंजरा, ते कडी कुठल्या बाजूला आहे त्यावरून कळतं. हे सांगायला मला कुठली विद्या लागत नाही.

मला तिथे यायला दोन दिवसांचा प्रवास आहे आणि जिना उतरायला माझी कंबर मला परवानगी देत नाही. तूच नीघ. मिळालेल्या पहिल्या गाडीने नीघ. चपला त्यांच्या तिथेच ठेव.

हेच पत्र उद्या परत पाठवते आहे, आणि परवा पुन्हा. एक तरी तुझ्या हाती पडेल.

आजी

२ मार्च

तीर्थरूप आजीस साष्टांग नमस्कार,

आपली तिन्ही पत्रे मिळाली. माझ्याविषयी काळजी नसावी. मी येथे सुखरूप असून माझे मन अत्यंत शांत आहे. माझा निश्चय पूर्ण विचारान्ती झालेला आहे. यापुढे आपण पत्रे पाठवू नयेत, त्यामुळे चित्त विचलित होते.

कोट आता लागत नाही. तो अग्नीस अर्पण केला.

एक विनंती आहे. बैठकीसाठी साधिकेच्या घरची पांढरी चादर लागते. ज्या हाताने तो त्रिकोण शिवला, त्याच हाताने चादरीच्या कोपऱ्यात तसाच लाल त्रिकोण शिवून पाठवावा. चादर पंधरा तारखेच्या आत पोहोचावी.

आपली नात

६ मार्च

कारखानीणबाईंना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्याकडे भिंगं घासणारी, दाबून लिहिणारी, बडबडी मुलगी होती, तिची मी आजी. मला लिहिता येत नाही, शेजारच्या बाई लिहून देतात. त्या आज घाईघाईने लिहिताहेत, अक्षराला नावं ठेवू नका.

काल नातीच्या नावाने पत्र आलं. मी ते उलटं करून हात फिरवला. पाठ गुळगुळीत. एक टोचा नाही. मी मास्तरीणबाईंना म्हटलं, "ही ती नाही." त्या म्हणाल्या, अक्षर तर हुबेहूब तिचंच आहे. मी म्हटलं, अक्षर तिचं असेल, हात तिचा नाही. मग त्यांनी वाचून दाखवलं. मला 'आपण' म्हणते! जन्मात मला कधी 'आपण' म्हणाली नाही, भांडतानाही नाही. पत्र कोणीतरी दुसरं लिहितंय, म्हणजे ती स्वतः काय करतेय? तिला लिहू देत नाहीत, की तिच्यात लिहायची ताकद नाही?

तिथल्या पोलीस चौकीलाही मास्तरीणबाईंनी लिहिलंय. पण पोरगी सज्ञान, स्वतःच्या पायांनी गेलेली. ते कधी हलतील, देव जाणे.

म्हणून तुम्हाला एक मागते. त्या बाईने तुमच्याकडे लोलक सांगितला होता. तो झाला असेल तर तुम्ही स्वतः द्यायला जा. चादर माझ्या हिशेबाने बाराला पोचेल. तेराला सकाळी जा. कडा मोजून दाखवा, उजेडात धरून दाखवा, चुका काढू द्या, भांडा हवं तर. त्या बाईला पुढच्या खोलीत धरून ठेवा. मागचं माझी नात बघेल. तिला कसं कळेल ते विचारू नका. ते मी तिला शिवून पाठवलंय.

तुमचे उपकार विसरणार नाही. (त्या रडताहेत, मात्र हे लिहू नका म्हणतात. प्रथमच त्यांचं ऐकत नाही. — लिहून देणारी.)

६ मार्च

चि. नातीस,

चादर पाठवली आहे. कोपऱ्यात सांगितल्याप्रमाणे लाल त्रिकोण आहे. तुझा निश्चय ऐकून समाधान वाटलं. माईंना माझा नमस्कार सांग. चादर नवी आहे, खळ काढायला तेराला सकाळी एकदा तू स्वतःच्या हाताने धू, म्हणजे पंधरापर्यंत वाळेल. धुताना कडा नीट चोळ, धुलाईघरात चोळायचीस तशी.

आजी

१४ मार्च

आजी,

हे पत्र मास्तरीणबाईंना देऊ नकोस. आधी उलटं कर.

लागलं हाताला? मी आहे. मी आहे गं. पेन कारखानीणबाईंचं आहे, त्या म्हणतात निब मोडलं तरी चालेल.

तुझी तीन पत्रं मला दिसलीच नाहीत, माईंनी त्यातला रेघांचा तेवढा भाग वाचून दाखवला: पहिली तू, दुसरी आई, तिसरी मी, आणि आईची तू उसवली नाहीस. मधले पंधरा दिवस नीट आठवत नाहीत. दिवसातून एकदा पाणी आणि थोडी पेज. तयारी म्हणायचे. मी लिहायला मागितलं की म्हणायचे, "आम्ही लिहिलंय, तू मन नको हलवू." माझ्या जुन्या वहीवरून एकजण माझं अक्षर गिरवत बसलेला मी पाहिला. मला राग पण आला नाही. आजी, सगळ्यात भीती त्याचीच वाटते. मला राग येत नव्हता.

बाराला चादर आली. माईंनी त्रिकोणावर बोट फिरवलं, डोळ्यांना लावला. तेराला सकाळी म्हणाल्या, "आजीने सांगितलंय, स्वतः धू." मागच्या अंगणात नळ आहे, कपडे वाळवायची दोरी आहे, आणि गल्लीत उघडणारं छोटं फाटक. एक बाई माझ्यावर लक्ष ठेवायला बसलेली. मी कडा चोळत होते. मनात काही नव्हतं. हात आपोआप दुमडीत गेला, लहानपणी जायचा तसा.

आत बारीक पांढऱ्या दोऱ्याच्या दोन रेघा. टोकाला जोडलेल्या. आणि तिसऱ्या जागी नुसती सुईची भोकं.

मी मोजलं. एकदा, दोनदा. भोकं लांब लांब होती, टाका मोठा, कोटातल्या पहिल्या रेघेसारखा, तुझ्या तरुण हाताचा. ती तुझी रेघ होती. तू आईची नाही उसवलीस कधी, आणि माझ्यासाठी स्वतःची उसवलीस.

मग कानात तुझा धुलाईघरातला आवाज आला. आधी बाहेर. का, कशाला, विचारायचं नाही.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून कारखानीणबाईंचा आवाज. "केसाचा फरक? कुठे फरक? चष्मा लावा आधी!" लक्ष ठेवणारी बाई बघायला आत वळली. मी ओली चादर खांद्यावर टाकली, दोरीपाशी गेल्यासारखी गेले आणि फाटकाची कडी काढली. चपला तिथेच ठेवल्या. अनवाणी पळत होते, मागून कोणी हाक मारत होतं, माझ्या नावाने नाही, "तिसरी, तिसरी" म्हणून. ते अजून ऐकू येतं. भर दुपारी, कारखान्यात, चाकं फिरत असताना ऐकू येतं.

त्या चपलांचं चौकीत सांगितलं. या वेळी त्यांनी लिहून घेतलं आणि दोघे जण माझ्याकडून घराची वाट विचारून गेले. त्या मुलीचं पुढे काय झालं, अजून कोणाला माहीत नाही.

आजी, एक सांगू? मला अजूनही त्रिकोणाची भीती वाटत नाही. लोलक उजेडात धरला की अजून छान वाटतं. मला भीती वाटते ती, मी किती सहज आत जाऊन बसले असते त्याची.

अठराला येते. कारखानीणबाई सोबत आहेत. त्यांना तू काही बोलू नकोस, त्या तुझ्याहून तिखट आहेत.

भिंगरी

१७ मार्च

भिंगरी,

हे पत्र पोचण्याआधी तू इथे येशील. तरी पाठवते, सवय मोडायची नाही.

तुझं पत्र उलटं केलं. एका ठिकाणी कागद फाटलाय इतकं दाबलंयस. मी बोट तिथे ठेवून बराच वेळ बसले. मग मास्तरीणबाई आल्या, वाचायचं म्हणाल्या. मी म्हटलं, थांबा, माझं वाचून व्हायचंय.

कालपासून मी दाराला आतून कडी घालते, पुन्हा उठून काढते, पुन्हा घालते. मी घाबरट आहे हे तुला इतकी वर्षं कळू दिलं नाही, आता कळलंच. पुढच्या वेळी मला गंमत सुचली की मास्तरीणबाईंनी माझ्या तोंडावर पट्टी मारायची, असं ठरलंय. त्यांना फार आनंद झालाय.

दोरा आणून ठेवलाय, लाल. सुई कशी आहे म्हणून विचारशील तर गार आहे, मी स्वतः हातात घेऊन बघितली. पण चादरीला कसाबसा ओवला तो शेवटचा, तिच्यात दोरा ओवणं आता मला जमत नाही, आणि मास्तरीणबाईंना वह्यांपलीकडे काही शिवता येत नाही.

चादर घेऊन ये. तुझ्या आईची रेघ आहे, तुझी आहे. मला अक्षर येत नाही, पण आज सही मी माझ्या हाताने करते आहे. खाली बघ. दोन रेघा आहेत, एका टोकाला जोडलेल्या. तिसरीची जागा सोडलीय. ती मी, ती तू येऊन ओढ.